जाड रेघ, बारीक रेघ

फेब्रुवारी अर्धा सरला की नाशिकात रस्तोरस्ती द्राक्षांच्या गाड्या उभ्या राहतात. दिंडोरीकडून क्रेट भरून टेम्पो येतात, एखाद्या वळणावर एखादं क्रेट सांडतं, आणि मग दिवसभर त्या वळणाला गोडसर, किंचित आंबूस वास येत राहतो. लोकांना या दिवसांत द्राक्षं आठवतात, मला उपवास आठवतो. आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, नेमका द्राक्षांच्या हंगामातच येतो. "इतर गावचे लोक मांस सोडतात, त्यात काय मोठंसं? तुम्ही नाशिककर द्राक्षं सोडून दाखवा," असं आमचे पाळकसाहेब म्हणायचे. स्वतः मात्र सोडायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याशी भाव करता करता चार मणी तोंडात टाकायचे, आणि कुणी पाहिलं की म्हणायचे, "चव बघतोय, खात नाहीये."

पाळकसाहेबांना देवाघरी जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही मेथडिस्ट. आमच्यात पाळकाची बदली होते, अगदी तहसीलदारासारखी. कितीही जीव लावा, वरून कागद आला की ते पेट्या बांधणार. साहेब आमच्या देवळात आठ वर्षं टिकले आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा नाशिकलाच येऊन राहिले. चर्च म्हणण्याची पद्धत अलीकडची, आम्ही देऊळच म्हणायचो. मी अजून म्हणते. रिक्षावाला मग मला काळारामाकडे नेऊ पाहतो, तो भाग वेगळा.

यंदा जानेवारीत आमचे नवे पाळक घरी आले. वयानं माझ्या भाच्याएवढे, पण वागायला फार नेटके.

"सलाम, सुलभाबाई. ईस्टरला साहेबांच्या उपदेशांचं पुस्तक काढायचंय. मंडळीची फार इच्छा आहे. पण छापायचं काय? मजकूरच नाही कुठे."

खरंच नव्हता. साहेबांनी जन्मात एक उपदेश लिहून काढला नाही. बसच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठीवर चार शब्द लिहायचे आणि त्यावर पाऊण तास बोलायचे. कुणी कुणी कॅसेटवर त्यांचे उपदेश भरून घेतले होते, पण पुढे तरुण संघानं त्याच कॅसेटींवर नाताळची गाणी भरली. माझ्याकडे त्यातली एक आहे. साहेब घसा खाकरून "प्रियजनहो" म्हणतात आणि लगेच ढोलकी सुरू होते. एवढा एकच शब्द त्यांच्या आवाजातला उरलाय. तो ऐकायला मी ती कॅसेट किती वेळा मागे फिरवली असेल, सांगायची सोय नाही.

"तुमच्याकडे वह्या आहेत म्हणे," नवे पाळक म्हणाले.

आहेत. अकरा. पण त्या वाचणं कुणाच्या बापाला जमणार नाही, कारण त्या लघुलिपीत आहेत.

चाळीस वर्षांपूर्वी मी मेन रोडवरच्या एका टायपिंगच्या क्लासात मराठी लघुलेखन शिकत होते. मिनिटाला शंभर शब्दांची परीक्षा उन्हाळ्यात होती. सरावाला कुणीतरी एका लयीत बोलणारा माणूस लागतो. क्लासातले सर वाचताना मधेच तंबाखू थुंकायला उठायचे, तेव्हा लय तुटायची. साहेब कधी उठले नाहीत. त्यांचा वेग नव्वद ते शंभर, भावना दाटून आल्या की सत्तर. मी दुसऱ्या बाकावर वही घेऊन बसायची आणि शास्त्रपाठ संपला की पेन्सिल सरसावायची. म्हाताऱ्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. पोरीची भक्ती किती! पोरीच्या डोक्यात परीक्षा होती.

एक गोष्ट सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. लघुलिपीत 'प' आणि 'ब' ही एकच रेघ असते. बारीक काढली तर 'प', दाबून जाड काढली तर 'ब'. स्वर बहुतेक गाळायचे, नाहीतर वेग पकडता येत नाही. म्हणून स्टेनोला पेन्सिल लागते. पेन्सिल दाबली की रेघ जाड येते. बॉलपेनची रेघ मात्र दाबा नाहीतर सोडा, तेवढीच राहते. आणि दुसरी गोष्ट अशी, की स्टेनोचे कान हातात असतात. बोलणाऱ्याचा शब्द कानातून सरळ बोटांत उतरतो, डोक्यात थांबत नाही. पुढे तीस वर्षं कचेरीत मी साहेब लोकांची किती पत्रं उतरवली, त्यातलं एक आठवत नाही. हे आमच्या धंद्याचं वैगुण्य म्हणा, नाहीतर देणगी.

तर त्या हंगामात साहेबांनी दर शुक्रवारी संध्याकाळी घरातल्या एकेका वस्तूवर उपदेश केला. पहिल्या शुक्रवारी उंबरा. मग चूल, मग माठ. माठाच्या शुक्रवारी ते म्हणाले, की ज्या घरात पाहुण्याला पाणी देण्याआधी जात मनात येते, त्या घरातला माठ गळका समजावा. मागच्या बाकावरचे दोघे-तिघे खोकले. देवळात गर्दी इतकी व्हायला लागली, की ओसरीवर बसणाऱ्यांसाठी कडुनिंबाला एक कर्णा टांगला. तो कर्णा म्हणजे एक चेष्टाच होती. त्यातून 'बंधूंनो'चं 'पंधूंनो' व्हायचं. आम्ही पोरी एकमेकींना महिनाभर 'पंधूंनो' म्हणून हाका मारत होतो. त्यात रस्त्यावरून द्राक्षांचे ट्रॅक्टर धडधडत जायचे.

अंगणात त्या संध्याकाळी उन्हाचा तापलेला वास असायचा, कडुनिंबाचा मोहोर बाकांवर येऊन पडायचा. साहेब पांढरा झगा घालून उभे राहायचे आणि त्याखाली त्यांच्या साध्या कोल्हापुरी चपला दिसायच्या. एका चपलेचा अंगठा शिवलेला होता. आता डोळे मिटले तर चेहऱ्याआधी मला तो अंगठा दिसतो. माणूस आठवायचा म्हटलं तर कुठून सुरुवात होईल, आपल्या हातात नसतं.

माझे पप्पा त्या देवळाचे कारभारी होते. पेशानं मास्तर, स्वभावानं फूटपट्टी. आई मी चार वर्षांची असताना वारली. मला वाढवलं ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या विमलताईनं. आणि त्या हंगामाच्या आदल्या वर्षी ताईनं लग्न केलं, रजिस्टर पद्धतीनं, आमच्या मागच्या कॉलनीतल्या एका बौद्ध मुलाशी. दाजी म्हणजे लाख माणूस, सरकारी नोकर, सुपारीचंही व्यसन नाही. पप्पांनी त्यांची जात काढली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांचं म्हणणं एकच, "मला विचारलं नाही." त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नाही. ताईला मुलगा झाला, त्याची बातमीही मी पप्पांना भिंतीकडे बघून सांगितली.

साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. पाचव्या शुक्रवारनंतर त्यांनी मला ओसरीवर थांबवलं.

"विमलला निरोप दे. येत्या शुक्रवारी बाळाला घेऊन ये म्हणावं. आत नको येऊस, बाहेर पायरीवर बस. पुढचं मी बघतो."

"पप्पा चिडतील, साहेब."

"चिडू देत. चिडलेला माणूस निदान ऐकत तरी असतो."

मी निरोप दिला. ताई आली. निळं लुगडं नेसून, चार महिन्यांचं बाळ टॉवेलात गुंडाळून, कडुनिंबाखालच्या पायरीवर बसली. पप्पा पहिल्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसलेले. त्यांना काही माहीत नव्हतं. त्या शुक्रवारचा विषय होता दाराची कडी.

आणि उपदेश सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. टोकयंत्र नव्हतं. मी पुढे वाकून पप्पांच्या खिशातलं बॉलपेन मागून घेतलं आणि लिहीत राहिले.

शेवटचं गीत सुरू झालं, पप्पांनी एकदा वळून दाराकडे बघितलं आणि ते उठले. आशीर्वादाआधी देवळातून उठायचं नाही, हा त्यांचाच नियम. म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा त्यांनी त्यावरून ऐकवलेलं. ते मधल्या वाटेनं भराभर चालत बाहेर गेले. ताईला बघितलं यांनी, आता हाकलणार, असं मला वाटलं. मी मागोमाग धावले. पायरी रिकामी होती. पप्पा फाटकात उभे होते, एक हात फाटकावर.

"गेली?" मी विचारलं.

"गेली," ते म्हणाले.

एवढंच. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान फिरवली. पुढे दोन महिन्यांत दाजींची बदली देवळा गावी झाली आणि ताई तिकडची झाली. मी पप्पांना शेवटपर्यंत सांभाळलं, औषधपाणी केलं, पण त्यांच्याशी गोड बोलले नाही. चौदा वर्षं एका घरात राहून मी त्यांना त्या एका शब्दासाठी माफ केलं नाही. ताईशी पत्रं सुरू होती, पुढे फोनही झाले, पण त्या शुक्रवारचं बोलणं दोघींनी टाळलं. दुखऱ्या दाताच्या बाजूनं आपण घास चावत नाही, तसं.

आता या फेब्रुवारीत मी वह्या उघडून बसले. सुरुवातीला अक्षर लागेना. स्वतःचं अक्षर स्वतःला न लागणं, याच्याइतकी फजिती नाही. मग जुनं पुस्तक काढलं, भिंग घेतलं, आणि हळूहळू साहेब बोलायला लागले. उंबरा आला, चूल आली, माठ आला. मी मोठ्यानं वाचायची आणि मधेच थांबायची, कारण ते वाक्य त्यांच्याच लयीत माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं असायचं. त्या वेळी जे डोक्यात थांबलं नव्हतं, ते आता चाळीस वर्षांनी थांबत होतं. एवढं चांगलं बोलत होते साहेब, आणि मी शब्द मोजत होते! दुपारी चहा करायला उठायची आणि ओट्याशी उभी राहून रडायची. एकटीनं राहणाऱ्या बाईला तेवढी मोकळीक असते.

मग कडीचा उपदेश आला. पाच मिनिटं पेन्सिल, पुढे निळं बॉलपेन. आणि त्यात, अगदी शेवटी, हे वाक्य: 'दारात लेकरू आलं, की आधी त्याच्यामागे उभ्या असलेल्या …ला ओळखा आणि मगच कडीला हात लावा.'

गाळलेल्या जागी दोन रेघा होत्या, जोडून काढलेल्या. 'पापा'ला? की 'बापा'ला?

बाप म्हणजे आमच्यात देवबाप. लेकरू दारात आलंय, त्याला देवबापच घेऊन आलाय, तेव्हा ओळखा त्याला. हे एक वाचन. आणि दुसरं म्हणजे, लेकराच्या मागून पापही घरात घुसेल, ते ओळखा, मगच दार उघडा. माझा साहेबांवर विश्वास होता, पण आदल्याच शुक्रवारी ते पापावर इतकं कडक बोलले होते की पप्पांनीसुद्धा मान डोलावली होती. मी भिंगातून बघितलं, उजेडाकडे धरून बघितलं, कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं. बॉलपेननं सगळीकडे सारखीच खूण उठवलेली.

नवे पाळक म्हणाले, "बाई, 'बापाला'च टाकूया ना. शोभून दिसतं."

"शोभतं म्हणून टाकायला ती काय बांगडी आहे?" मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. पण मला तेच टाकावंसं वाटत होतं, आणि म्हणूनच टाकता येत नव्हतं. साहेब मागे काय ठेवून गेले? चार शब्दांच्या चिठ्ठ्या आणि माझ्या वह्या. त्यात मी माझ्या सोयीचं घातलं, तर मग त्यांचं काय राहिलं?

मी साहेबांच्या पत्नीकडे, आमच्या पाळकीणबाईंकडे गेले. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख. जाताना द्राक्षं नेली. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. त्यात साहेबांच्या चिठ्ठ्या. आम्ही दोघींनी जमिनीवर पसरून कडीची चिठ्ठी शोधली. सापडली. त्यावर लिहिलं होतं: 'लेकरू. दार. मागे कोण? कडी.'

'मागे कोण?' मला हसूच आलं. साहेब, तुम्हीसुद्धा मलाच विचारा!

मी पाळकीणबाईंच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

"अगं सुलभा, त्या शुक्रवारी ते जेवले नाहीत. ताट सारलं. पुलपिटावर बोलायला उभं राहिलं की समोरचं दार सरळ दिसतं ना, त्यांनी विमलला उठून जाताना बघितलं. मला म्हणाले, 'मी बाप म्हटलं आणि पोर उठून गेली. जिच्या बापानं तिला टाकलं, तिच्यापुढे मी तो शब्द कशाला काढला?' मी म्हटलं, अहो, देवबापाबद्दल बोलला तुम्ही. तर म्हणाले, 'तिला आधी घरातला बाप आठवणार.' फार लागलं त्यांना ते. त्यानंतर त्यांनी उपदेशात तो शब्द कधी घेतला नाही."

"मग काय म्हणायचे?"

"पिता म्हणायचे. लोकांना वाटलं, साहेब शुद्ध बोलायला लागले."

मी घरी येऊन पुढच्या वह्या उलटल्या. खरंच. कडीच्या आधी जिथे तिथे जाड रेघेनं सुरू होणारा 'बाप', पेन्सिलीनं ठसठशीत. कडीनंतर एकही नाही. सगळीकडे 'पिता', 'पिता', 'पिता'. तो शब्द माझ्या हातानं शेकडो वेळा उतरवला होता आणि डोक्याला त्याचा पत्ता नव्हता.

मग बसले ती बसलेच. साहेब 'बाप' म्हणाले होते. आत बसलेल्या पप्पांनी 'बाप'च ऐकलं असणार, कर्ण्यातून नव्हे, समोरून. हे वाक्य ऐकून आपला नियम मोडून ते उठले होते. मग ते फाटकाशी कशाला गेले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं देवळा गाठलं. वाटेत वडाळीभोईपर्यंत द्राक्षं, मग कांदा. ताई अंगणात कांद्याची पात निवडत बसली होती. पासष्ट पार झाली, पण पाठ ताठ. माझ्याकडे बघून आतल्या सुनेला ओरडली, "दूध शे का घरमा? मावशी उनी!" चाळीस वर्षांत अहिराणी तिच्या जिभेवर अशी मुरली आहे, की माझ्याशी बोलताना तिला ती मुद्दाम बाजूला ठेवावी लागते. दाजी बाजारात गेले होते. मला ते बरंच वाटलं.

चहा झाल्यावर मी विचारलं, "ताई, त्या शुक्रवारी तू उठून का गेलीस गं?"

तिनं पात निवडणं थांबवलं नाही. "साहेबांनीच सांगितलं ना. 'पापाला ओळखा, मगच कडीला हात लावा.' स्वतः बोलावून घेतलं, पायरीवर बसवलं, आणि मांडीवरच्या लेकराला पाप म्हटलं. साहेबांवर राग नाही माझा. त्यांना तसं वाटलं असेल. पण मी नाही थांबू शकले."

"आणि पप्पा तुला काही बोलले नाहीत?"

"पप्पा कुठे भेटले मला? ते तर आत होते."

मी पिशवीतून वही काढली आणि ते वाक्य तिला वाचून दाखवलं. 'बापाला' म्हणून. मग कर्ण्याचं सांगितलं, साहेबांनी सारलेल्या ताटाचं सांगितलं, त्यांनी सोडलेल्या शब्दाचं सांगितलं. ती ऐकत होती. हातातली पात तशीच हातात.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"आणि पप्पा बाहेर आले होते," मी म्हटलं. "शेवटचं गीत अर्धवट सोडून. मला वाटलं, तुला हाकलायला निघाले. मी पोचले तोवर तू दिसेनाशी झालेली, आणि ते फाटकात उभे. मी विचारलं, गेली? तर म्हणाले, गेली."

ताईनं मान वर केली. "कसं म्हणाले?"

"म्हणजे?"

"म्हणजे कसं म्हणाले ते म्हणून दाखव. तू सगळं लिहून घ्यायचीस ना? मग म्हणून दाखव."

मला जमेल असं वाटलं नव्हतं. चौदा वर्षं मी तो शब्द मनात घोळवला होता, पण माझ्या रागाच्या आवाजात. आता तोंड उघडलं आणि तो जसा कानावर पडला होता तसा आला. खालच्या पट्टीत, शेवटचं अक्षर जवळजवळ न उच्चारलेलं.

"गेली."

ताईनं पात खाली ठेवली आणि दोन्ही हात लुगड्याला पुसले.

"तू लहान होतीस, तुला आठवणार नाही," ती म्हणाली. "आई गेली ना, तेव्हा सिव्हिलमधून चालत घरी आले आणि दारात उभं राहून मला असंच म्हणाले होते."